कोठारी फितूर कोणी ठरवावा?

प्रश्न : परभणीत आम्ही आठ मित्रमैत्रिणी तीन वर्षांपासून दर रविवारी भूमिकाखेळ खेळतो. प्रत्येकाने एक पात्र घ्यायचे, त्याच्या तोंडून बोलायचे आणि सर्वांनी मिळून कथा पुढे न्यायची, असा हा खेळ आहे. आमची कथा १२९६ साली अलाउद्दीन खलजीने वेढलेल्या देवगिरीवर घडते. गडाच्या कोठाऱ्याचे पात्र करणारा मित्र नोकरीनिमित्त पुण्यास गेल्यावर, त्याच्या गैरहजेरीत आम्ही कोठाऱ्याला फितूर ठरवले आणि धान्याच्या नावाखाली मिठाची पोती त्यानेच गडावर चढवली, असे दाखवले. दिवाळीत घरी आल्यावर त्याने हे ऐकले आणि तेव्हापासून तो आमच्याशी नीट बोललेला नाही. शिवाय नव्याने आलेल्या मैत्रिणीला देवगिरीचा राजा रामदेवराय होऊन लढाई जिंकायची आहे. खेळ चालवणारा सूत्रधार म्हणून मी काय करावे?
– एक वाचक, परभणी

उत्तर : आपल्या मित्राचा राग मला रास्त वाटतो. कथानक सर्वांचे असले, तरी पात्राचे मन ज्याने ते घडवले त्याचेच असते. कोठाऱ्यावर वेढा येवो, उपासमार येवो, खोटा आळ येवो, हे सारे बाहेरून घडते आणि ते घडवण्याचा अधिकार आपल्याला आहे. परंतु त्याने इमान विकले की नाही, हे त्याच्या खेळाडूला विचारल्यावाचून ठरवता येत नाही. पात्राचा मृत्यूही याच जातीचा. परभणीहून पुण्यास एक फोन लावला असता, तर दिवाळी कडू झाली नसती.

झालेले प्रसंग पुसून टाकू नका, कारण इतरांनी त्यांवर पुढची कथा रचली आहे. त्याऐवजी कोठाऱ्यावर ठपका आला एवढेच वहीत कायम ठेवा, आणि तो ठपका खरा की खोटा, हे मित्राच्या हाती सोपवा. आधी मात्र सर्वांच्या वतीने त्याची मनापासून क्षमा मागा. यापुढे कोणी दीर्घकाळ येणार नसेल, तर त्याचे पात्र पैठणच्या पेठेत धान्यखरेदीस गेले, अशी परत येण्याची वाट मोकळी ठेवणारी तजवीज त्याच्याशी बोलूनच करावी.

रामदेवरायाचे पात्र नव्या मैत्रिणीला देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या भूमिकाखेळापासून अशी वहिवाट आहे की, खेळाडूंच्या वाट्याला न आलेली सर्व पात्रे सूत्रधाराने साकारायची. राजा एका खेळाडूच्या हाती गेला, की बाकीचे सात जण त्याच्या हुकुमाचे ताबेदार होतात. शिवाय अलाउद्दीन खलजीने देवगिरीला वेढा घातला, रामदेवरायाचा मुलगा शंकरदेव सैन्यासह दूर होता, तो परतून लढला आणि हरला, खंडणी द्यावी लागली, हे आपल्या मुलुखातील शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. ते उलटवायचेच असेल, तर आठही जणांची संमती हवी. एकीच्या हौसेसाठी ते करू नये.

मैत्रिणीला तिचे स्वतःचे पात्र द्या, आणि जागा द्या ती इतिहास जिथे मुका आहे तिथली. पोत्यांत मीठ निघाले, असे सांगतात. परंतु पहिल्या पोत्याची सुतळी कोणी सोडली, मूठ भरून जिभेला कोणी लावली, आणि खाली वाट पाहणाऱ्या भुकेल्या शिपायांना ते सांगायला पायऱ्या कोण उतरले, हे कोणी लिहून ठेवलेले नाही. ती मूठ तिची असू द्या. आणि ज्या रविवारी हा प्रसंग खेळाल, त्या दिवशी मित्राला फोनवर बोलावून घ्या, कारण कोठाराची किल्ली त्याच्याच कमरेला आहे.