ऐकू येतं, पण बोलता येतं का?

गेल्या अंकात मी जाता जाता लिहिलं होतं की मोठ्या इमारतीत आग लागली, की बरेचदा अग्निशमन दलाची वॉकीटॉकीच आधी दगा देते. त्यावर आलेल्या पत्रांतून पाच निवडली आहेत. बिनतारी संदेशांच्या कामात माझी 28 वर्षं गेली. त्यातली निम्मी तरी हातात मीटर घेऊन लोकांची तळघरं, पंपरूम आणि जिने तुडवण्यात गेली असतील. तेव्हा उत्तरांत कुरकुर जाणवली तर ती त्या जिन्यांची आहे असं समजा.

प्रश्न : आमच्या 22 मजली इमारतीची देखभाल माझ्याकडे आहे. तिसऱ्या तळघरात वॉकीटॉकीवर बाहेरचं बोलणं खणखणीत ऐकू येतं. तरीही तपासायला आलेल्यांनी तळघर नापास केलं. ही अडवणूक नव्हे का?

नव्हे. तुम्ही ऐकून पाहिलंत, पण आतून बोलून पाहिलंत का?

बाहेरून आत येतो तो उंच मनोऱ्यावरच्या ट्रान्समीटरचा आवाज. आतून बाहेर जातो तो हातातल्या सेटचा, म्हणजे जेमतेम 3 ते 5 वॅटचा. त्यातही जवान सेट तुमच्यासारखा तोंडासमोर धरून उभा नसतो. सेट कमरेला, माईक खांद्यावर, तोंडावर मुखवटा, आणि बरेचदा तो गुडघ्यांवर रांगत असतो. अँटेना अंगाला चिकटली की ताकदीचा मोठा वाटा शरीरच गिळतं. मनोऱ्यावरचे कान तिखट असतात, त्यामुळे थोडी भरपाई होते. तळघरातून मात्र ती पुरत नाही.

आणि आतल्या माणसाला हे कळतच नाही. त्याला बाहेरचे हुकूम नीट ऐकू येत असतात, म्हणून तो समजतो की आपलंही पोचतंय. 'दोघं सापडले, स्ट्रेचर पाठवा' असं तो सांगतो आणि वाट पाहत बसतो.

न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरचं उदाहरण मी प्रत्येक व्याख्यानात द्यायचे. 1993 मध्ये तिथल्या तळघरात बॉम्बस्फोट झाला, तेव्हा अग्निशमन दलाला उंच मजल्यांशी बोलता येईना. म्हणून 1994 मध्ये तिथे खास रिपीटर (वॉकीटॉकीचं बोलणं पकडून ते जोरात पुढे पाठवणारं यंत्र) बसवला. 11 सप्टेंबर 2001 च्या सकाळी उत्तर मनोऱ्याच्या तळमजल्यावर दोन अधिकाऱ्यांनी तो तपासला. एकाच्या हातात भिंतीजवळच्या पेटीचा मुख्य हँडसेट, दुसऱ्याकडे साधी वॉकीटॉकी. हँडसेटवरून बोलायला दुसरं एक बटण दाबावं लागत होतं आणि ते दाबलं गेलंच नाही, म्हणून तिकडे आवाज पोचला नाही. इकडे हँडसेटवरही काही ऐकू आलं नाही. काही बिघाड असेल किंवा पेटीचा आवाज कमी करून ठेवलेला असेल, चौकशी आयोगाने दोन्ही शक्यता नोंदवल्या आहेत. रिपीटर बंद आहे असं समजून त्यांनी तो नाद सोडला. वास्तविक तो चालू होता. दक्षिण मनोऱ्यात त्याच चॅनलवर बोलत अग्निशमन दलाचे बटालियन चीफ ओरिओ पामर 78व्या मजल्यापर्यंत पोचले होते. अर्धा मिनिट लावून दोन्ही बाजू वेगवेगळ्या तपासल्या असत्या, तर? असं वाटतं खरं, पण त्या सकाळी त्या तळमजल्यावर उभं राहून कोणाला ते सुचलं असतं, हे मी आजही छातीठोकपणे सांगू शकत नाही. म्हणूनच तपासणी आधी, शांत दिवशी करायची असते.

तुमच्याकडे आलेल्यांनी ती कशी केली ते पत्रात नाही. अमेरिकेतल्या 'इंटरनॅशनल फायर कोड'मध्ये सांगितलेली पद्धत साधी आहे. प्रत्येक मजल्याचे साधारण सारखे 20 चौकोन पाडायचे, प्रत्येकात उभं राहून दोन्ही दिशांनी बोलायचं. एकमेकांना न लागलेले दोन चौकोन नापास झाले तर चालतात. तिसरा झाला तर मजल्याचे 40 चौकोन करून पुन्हा. मजल्याच्या 95 टक्के भागात संपर्क हवा असं तो कोड म्हणतो (चौकोनांचा हिशोब त्याहून थोडा सैल आहे). अमेरिकेतल्याच एनएफपीए या अग्निसुरक्षा संस्थेचे नियम पंपरूम, बाहेर पडायचे जिने, लिफ्टसमोरची जागा, नियंत्रण कक्ष अशा ठिकाणी 99 टक्के मागतात. हे मला पटतं. कोपऱ्यातल्या स्टोअररूममध्ये खरखर झाली तर एक वेळ चालेल, पंपरूममध्ये नाही.

मीटरवर उणे 95 डीबीएम (लहरींची ताकद मोजायचं एकक) दिसलं की कागदावर काम भागतं. पण आवाजाची प्रतही कानाने ठरवायची असते. 'थोडं लक्ष दिलं की कळतं, क्वचित पुन्हा विचारावं लागतं' ही तिसरी श्रेणी, आणि निदान तेवढी हवीच. इथे माझी एक युक्ती सांगते. 'हॅलो, हॅलो, आवाज येतोय का' असं विचारू नका. ओळखीचं वाक्य अर्धं पोचलं तरी कान उरलेलं स्वतःच भरतो. त्याऐवजी आकडे सांगा आणि समोरच्याला लिहून घ्यायला लावा. एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी. मराठीने आपल्याला ही उत्तम कसोटी फुकट दिली आहे, शेपूट तुटलं की आकडा गेलाच. एका इमारतीत मीटर सगळीकडे पास म्हणत होता आणि माझ्या सहकाऱ्याच्या वहीत दहातले चार एकोणसत्तर एकोणसाठ होऊन बसले होते.

आता पुन्हा तळघरात जा, दारं लावून घ्या (उघड्या दारातून पास होणारी तळघरं मी पुष्कळ पाहिली आहेत), सेट कमरेला लावा आणि आकडे बोला. मग अडवणूक होती का ते मला कळवा.

प्रश्न : आमची जुनी इमारत जाड दगडी भिंतींची होती, तिथे कधी अडचण आली नाही. नवी सगळी काचेची आहे, तरी आत वॉकीटॉकी चालत नाही. काच तर पारदर्शक असते ना?

उजेडाला पारदर्शक. ऊन अडवून वीज वाचवणाऱ्या काचेवर धातूचा किंवा धातूच्या ऑक्साइडचा डोळ्यांना न दिसणारा थर असतो. तो उष्णता परतवतो तशा रेडिओलहरीही परतवतो. अशा काचेतून आत येताना लहरींची ताकद शंभरपट किंवा त्याहूनही घटू शकते. जुन्या इमारतीच्या भिंती जाड असल्या तरी खिडक्यांना साधी काच होती. लहरी तिथून शिरायच्या. नव्या इमारतीत बाहेर काच, मध्ये लोखंड आणि काँक्रीटचा गाभा, आणि जिना नेमका त्या गाभ्यात. इमारत पूर्ण होण्याआधी, काचा बसायच्या आत केलेली चाचणी म्हणूनच कुचकामी ठरते.

प्रश्न : संपर्क सुधारावा म्हणून आम्ही गच्चीवर अँटेना आणि आत बूस्टर बसवून घेतला. दोन महिन्यांनी अग्निशमन दलाकडूनच पत्र आलं की तुमच्या यंत्रामुळे आमच्या चॅनलवर खरखर येते, ते बंद करा. आम्ही मदत करायला गेलो आणि आरोपी झालो!

तुमची चीड समजते, पण बूस्टर आज बंद करा. उत्तर वाचायला नंतर या.

बूस्टरची रचना अशी : गच्चीवरची अँटेना मनोऱ्याकडे तोंड करून ऐकते, यंत्र आवाज मोठा करतं, आतल्या अँटेनांतून तो सगळीकडे पसरतो. उलट दिशेलाही तसंच. आतल्या अँटेनाचा आवाज गच्चीवरच्या अँटेनाला ऐकू जाऊ लागला की काय होईल? सभागृहात माईक स्पीकरसमोर धरल्यावर होतं तेच. फरक एवढाच, की ती शिट्टी तुमच्या सभागृहापुरती राहत नाही. मनोऱ्याला ती ऐकू येते आणि आसपासच्या सगळ्यांचं बोलणं तिच्याखाली गाडलं जातं.

माझ्या नोकरीत असं एक प्रकरण आलं. एका चॅनलवर रोज दुपारी गुरगुर सुरू व्हायची आणि संध्याकाळी थांबायची. आम्ही दिशा दाखवणारी अँटेना घेऊन तीन दुपारी फिरलो. चौथ्या दुपारी एका इमारतीच्या गच्चीवर पोचलो. यंत्र चांगलं, केबल चांगली, दिवा हिरवा. मी कागदपत्रं पाहत असताना आमचा मदतनीस पाणी प्यायला जिन्याकडे गेला आणि जाताना त्याने गच्चीचं लोखंडी दार लोटून घेतलं. गुरगुर थांबली. दार उघडलं, सुरू झाली. जिन्यातली वरची अँटेना त्या दाराच्या अगदी आत होती आणि गच्चीवरची बाहेर, जेमतेम चार पावलांवर. दोघींमध्ये काय ती त्या लोखंडी पत्र्याची भिंत. दुपारी टाक्यांवर काम करणारी माणसं दाराला वीट लावून ठेवायची, संध्याकाळी जाताना काढायची.

म्हणून नियम असा असतो की दोन्ही अँटेनांमधला अडसर (एकीच्या लहरी दुसरीपर्यंत पोचताना जितक्या क्षीण होतात तो) यंत्राच्या वाढीपेक्षा निदान 20 डेसिबलने जास्त हवा. यंत्र 80 डेसिबलने वाढवत असेल तर अडसर 100 चा. तोही सगळी दारं उघडी ठेवून मोजायचा, संपर्काच्या चाचणीच्या अगदी उलट. आम्ही जिन्यातली अँटेना एक मजला खाली घेतली, गच्चीवरची टाकीच्या पलीकडे नेली, आणि प्रश्न मिटला.

तुमच्या पत्रात मला आणखी एक गोष्ट खटकली : बसवण्याआधी तुम्ही अग्निशमन दलाला विचारलंच नाही. त्या लहरींचा परवाना त्यांच्याकडे असतो. परवानाधारकाच्या संमतीशिवाय अशा यंत्राला हात लावायचा नाही, असा अमेरिकेतल्या दूरसंचार आयोगाचा नियम आहे, आणि नियम बाजूला ठेवला तरी दुसऱ्याच्या तोंडासमोर भोंगा धरण्याआधी विचारणं बरं. त्यांना बोलवा, अडसर मोजून घ्या. शिट्टी सुरू होताच आपोआप बंद पडणारी आणि तसा इशारा देणारी यंत्रं मिळतात, तुमचं तसं आहे का तेही पाहा. पेटी पाण्यापासून सुरक्षित हवी, कारण आगीच्या वेळी वरून पाणीच कोसळणार आहे. वीज गेल्यावर तिची बॅटरी किमान 12 तास टिकली पाहिजे.

प्रश्न : सगळ्यांच्या खिशात मोबाइल आहे. आमच्या तळघरात त्याला पूर्ण रेंज आहे. मग या सगळ्या खटाटोपाची गरजच काय?

हातमोजे घालून, धुरात, नंबर शोधून पाहा. वॉकीटॉकीवर एक बटण दाबलं की सगळी तुकडी एकदम ऐकते. शिवाय तुमची रेंज इमारतीतल्या मोबाइल कंपनीच्या यंत्रातून येत असणार. आगीत वीज तोडली की ते यंत्र किती वेळ तग धरेल, हे आधी विचारून घ्या.

लंडनमध्ये 1987 साली किंग्ज क्रॉस भुयारी स्थानकात आग लागून 31 जण गेले. जमिनीखाली सगळ्याच आपत्कालीन सेवांचे रेडिओ चालतात असं नाही, हे त्यानंतरच्या चौकशीत पुढे आलं. 7 जुलै 2005 ला भुयारी गाड्यांत बॉम्बस्फोट झाले तेव्हा, म्हणजे 18 वर्षांनीही, खाली फक्त रेल्वे पोलिसांचे रेडिओ चालत होते. बाकीच्यांचे निरोप धावत वर नेले गेले. आता बोगद्यांत जागोजागी फटी ठेवलेली 'गळकी' केबल टाकतात. ती अंतराअंतराने लहरी झिरपवत जाते. लांबलचक तळघरांतही ती फार चांगली चालते, छताला अँटेना टांगत बसण्यापेक्षा मला तीच आवडते.

प्रश्न : माझा मुलगा अग्निशमन दलात आहे. तो म्हणतो की मोठ्या इमारतीत ते एक माणूस जिन्यात उभा ठेवतात, तो आतल्यांचं ऐकून बाहेर सांगतो. इतकी यंत्रं असताना हे मागासलेपण नाही का? मला तर त्या जिन्यातल्या माणसाचीच काळजी वाटते.

मागासलेपण मुळीच नाही. आत शिरलेली तुकडी बरेचदा मनोरा आणि रिपीटर दोन्ही बाजूला ठेवून सेट-टू-सेट चॅनलवर बोलते. इमारतीतला बूस्टर सहसा त्या चॅनलला हात लावत नाही, म्हणजे तो बंद पडला तरी ती बोलणी चालू राहतात. चार-पाच मजले आणि दोन-तीन काँक्रीटच्या भिंती आल्या की मात्र थेट बोलणं तुटतं. तिथे मध्ये उभा राहिलेला माणूस हाच रिपीटर. त्याला दुसरं बटण लागत नाही, आणि नीट ऐकू आलं नाही तर तो 'पुन्हा सांग' म्हणतो, जे कुठलंही यंत्र म्हणत नाही.

त्याची काळजी योग्यच आहे. दिवसभर एकटा तोच सतत बोलत असतो, आणि सेटची बॅटरी ऐकण्यापेक्षा बोलण्यात फार लवकर संपते. तुकडीत सगळ्यांत आधी सेट मरतो तो त्याचा. मुलगा घरी आला की एवढं विचारा : जिन्यात उभं राहणाऱ्याच्या खिशात जादा बॅटरी असते का, आणि हातमोजे न काढता ती बदलता येते का?