लोकांना खूश करणाऱ्या सरकारी योजनांमुळे गरिबी खरंच कमी होते का?

होते, पण योजना कशी आहे त्यावर सगळं अवलंबून. तमिळनाडूत मुख्यमंत्री एम. जी. रामचंद्रन यांनी १९८२ साली मुलांसाठी दुपारच्या जेवणाची मोठी योजना आणली, तेव्हा मतांसाठी उधळपट्टी म्हणून टीका झाली. पण ताटात गरम भात-सांबार पडलं की उपाशी पोर वर्गात टिकतं, आणि गावातल्या बायकांना स्वयंपाकाचं काम मिळालं ते वेगळंच. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सगळ्याच राज्यांना शाळेत शिजवलेलं अन्न द्यायला सांगितलं. आपल्या महाराष्ट्राची रोजगार हमी योजनाही १९७२ च्या दुष्काळात रुजली, १९७७ साली तिचा कायदा झाला. माझ्या मते फरक इथेच पडतो. कायद्याने दिलेला हक्क सरकारला सहज काढून घेता येत नाही. निवडणुकीच्या तोंडावर बायकांसाठी जाहीर झालेला पैशांचा हप्ता थांबला, तर तो घेणाऱ्या बाईने दाद कुणाकडे मागायची?