आरसी (रिमोटवर चालणाऱ्या) ट्रकचे स्क्रू सारखे ढिले होतात. सगळ्यांना लॉकटाइट लावून टाकू का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: १:१० मापाचा इलेक्ट्रिक ट्रक सेकंडहँड घेतलाय, मैदानात उड्या मारताना मागचं एक चाक निघून गेलं, मोटरचे स्क्रू दोन-तीन बॅटऱ्या झाल्या की ढिले होतात. आता एकेक करून सगळ्या स्क्रूंना निळं लॉकटाइट (आटे धरून ठेवणारं द्रव) लावावं, की स्प्रिंग वॉशर टाकावेत?

दोन्ही नको. लॉकटाइट लागतंच, पण ठरावीक जागी. स्प्रिंग वॉशर मात्र कुठेच नको.

स्क्रू सुटतो कसा ते आधी सांगतो, म्हणजे पुढचं सगळं सोपं होईल. नुसत्या थरथरीने तो फिरत जातो असं आपल्याला वाटतं. पण स्क्रूच्या लांबीच्या दिशेने हादरे बसले तर तो सहसा टिकून राहतो. घात करतं ते आडवं सरकणं. जोडलेले दोन भाग एकमेकांवर घसरले की आट्यांमधली आणि डोक्याखालची पकड क्षणभर सुटते, आणि स्क्रू स्वतःच्याच ताणामुळे किंचित उलटा फिरतो. हे पुन्हा पुन्हा झालं की स्क्रू हातात येतो. गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने १९६९ साली हे यंत्रावर दाखवून दिलं, आणि नट-बोल्टच्या चाचण्या आजही त्याच्या पद्धतीने होतात. नासाच्या १९९० सालच्या फास्टनर मॅन्युअलमध्येही स्प्रिंग वॉशरबद्दल स्पष्ट लिहिलंय: बोल्ट पूर्ण आवळला की तो वॉशर सपाट होतो, आणि मग त्याच्यात नि साध्या वॉशरमध्ये काही फरक उरत नाही. आपल्या एम३ (३ मिलिमीटर व्यासाच्या) स्क्रूवर तर तो दीड आट्याएवढी लांबी फुकट खातो.

म्हणजे मुख्य काम काय, तर भाग सरकूच द्यायचे नाहीत. ते कसं करायचं हे स्क्रू कशात जातोय त्यावर अवलंबून आहे. धातूत, प्लास्टिकमध्ये, की पलीकडे नट आहे? हातात ॲलन की घेण्याआधी दर वेळी हे बघायची सवय लावून घ्या.

मोटर म्हणजे धातूत धातू, आणि सगळ्यात त्रास देणारी जागा. ज्या पट्टीवर मोटर बसते ती जेमतेम २-३ मिलिमीटर जाड असते. एवढ्या आखूड भागात एम३ स्क्रू चांगला आवळला तरी ताणला जातो तो शंभरांश मिलिमीटरच्या आसपास. त्या ताणावरच सगळी पकड उभी असते. पट्टी आणि मोटर यांच्यामध्ये मातीचे दोन कण राहिले किंवा रंगाचा थर दबला, की तेवढा ताण गेलाच म्हणून समजा. म्हणून तुम्ही नुसते परत परत आवळताय त्याचा उपयोग होत नाहीये.

मोटर पूर्ण काढा. पट्टीच्या दोन्ही बाजू आणि मोटरचं तोंड पुसा. स्क्रू आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून जुन्या टूथब्रशने घासा. आट्यांत जुन्या लॉकटाइटची पांढरट भुकटी असेल तर ती सगळी निघाली पाहिजे. मोटरची भोकंही त्याच अल्कोहोलने किंचित ओल्या केलेल्या इअरबडने पुसा आणि सगळं कोरडं होऊ द्या. तेलकटपणा राहिला तर लॉकटाइट नीट धरत नाही. मग निळं, म्हणजे २४२ किंवा २४३, स्क्रूच्या आत जाणाऱ्या आट्यांना लावा, खाचा भरतील इतकंच. भोकात थेंब सोडू नका. मोटरची भोकं आत उघडतात, तो थेंब थेट आत जाईल. स्क्रूची लांबीही याच वेळी तपासा. गरजेपेक्षा लांब स्क्रू आत वाइंडिंगला टेकला तर मोटर गेली. आणि आखूड स्क्रू अॅल्युमिनियममधले आटे ओरबाडून बाहेर येतो, तेव्हा हाताशी येतील ते स्क्रू वापरायचे नाहीत.

आवळण्याआधी पिनियन (मोटरच्या शाफ्टवरचं छोटं गियर) आणि त्याला लागून असलेल्या मोठ्या स्पर गियरच्या दातांमध्ये वहीच्या कागदाची पट्टी सरकवा, मोटर स्परकडे दाबून धरा, दोन्ही स्क्रू आळीपाळीने थोडे थोडे आवळा आणि मग गियर फिरवून कागद बाहेर काढा. कागदावर चुण्या पडल्या पण तो फाटला नाही, तर अंतर बरोबर आहे. हे सगळं लॉकटाइट ओलं असतानाच उरकायचं. अर्ध्या तासात ते धरायला लागतं, पूर्ण ताकद यायला २४ तास लागतात. मधेच स्क्रू हलवला तर ते तुटतं आणि सफाईपासून पुन्हा सुरुवात. रात्री लावून दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ट्रक बाहेर काढणं उत्तम. स्क्रू स्टेनलेसचे असतील किंवा पट्टी अॅनोडाइझ केलेली असेल तर घाई अजिबात नको, अशा धातूंवर ते सावकाश धरतं.

हे द्रव हवेत वाळत नाही, हे लक्षात ठेवा. हवा तुटली आणि धातू भेटला, की ते घट्ट होतं. बाटली मुद्दाम अर्धवट भरलेली येते ती त्यामुळेच, आतली हवा त्याला पातळ ठेवते.

पिनियनच्या ग्रब स्क्रूलाही (डोकं नसलेला, पूर्ण आत जाणारा स्क्रू) असंच निळं लावा. फक्त त्याचं टोक शाफ्टच्या सपाट बाजूवर बसलंय ना हे नक्की करा. गोल बाजूवर आवळलेला ग्रब स्क्रू कितीही लॉकटाइट लावलं तरी घसरतो, आणि शाफ्टवर चरे पाडून ठेवतो. थोडा आवळून पिनियन हाताने मागेपुढे डुलवा, टोक सपाटीवर बसलं की ते डुलणं थांबतं, मग पूर्ण आवळा. डिफरन्शियलच्या जवळचे धातूत जाणारे स्क्रू, ड्राइव्ह शाफ्टच्या सांध्यातली पिन धरणारा ग्रब स्क्रू, आणि सर्व्होचा (चाकं वळवणाऱ्या छोट्या मोटरचा) शाफ्ट धातूचा असेल तर त्यावरच्या दांडीचा, म्हणजे हॉर्नचा स्क्रू, एवढ्या ठिकाणी लावलं की निळ्या बाटलीचं काम झालं.

बाकीचा बहुतेक ट्रक प्लास्टिकचा आहे आणि तिथे ते औषध चालत नाही. प्लास्टिकमध्ये ते धरत तर नाहीच, उलट पॉलिकार्बोनेट आणि एबीएससारख्या प्लास्टिकला त्याने बारीक तडे जातात. प्लास्टिकमध्ये स्क्रू टिकतो तो त्याने स्वतः कापलेल्या आट्यांच्या घर्षणावर. ते आटे जपणं हाच तिथला उपाय. स्क्रू परत बसवताना आधी उलटा फिरवा, बोटाने हलकं दाबून. एका जागी तो ‘टक्’ करून किंचित खाली बसतो, बोटाला ते स्पष्ट जाणवतं. तो जुन्या आट्यात पडला. तिथून सुलटा पिळायला लागा, मऊपणे जाईल. तसं न करता सरळ पिळलात तर स्क्रू शेजारी नवे आटे कापतो, आणि असं चार वेळा झालं की भोकात नुसता भुसा उरतो. डोकं टेकलं की पाव फेरा, बस्स. इलेक्ट्रिक स्क्रू ड्रायव्हर प्लास्टिकवर वापरू नका असं मी कळकळीने सांगेन. पिळताना हाताला जे कळतं ते त्याला कळत नाही.

आटे गेलेच असतील तर आधी भोक किती खोल आहे ते बघा. जागा असेल तर २-३ मिलिमीटर लांब स्क्रू खालच्या कोऱ्या प्लास्टिकमध्ये छान धरतो. जागा नसेल तर भोकाच्या भिंतीला पातळ सुपरग्लू लावा, स्क्रू न घालता रात्रभर पूर्ण वाळू द्या आणि दुसऱ्या दिवशी स्क्रूने सावकाश नवे आटे पाडा. केबल टायची बारीक चीप भोकात घालून स्क्रू पिळला तरी बऱ्याचदा काम होतं. सस्पेन्शनचा आर्म मात्र असा दुरुस्त करत बसू नका, सरळ नवा घाला.

आता चाक. तिथे नायलॉन इन्सर्टचा (आत नायलॉनची कडी असलेला) नट असतो, बहुतेक १:१० ट्रकवर एम४, त्याला ७ मिलिमीटरचा पाना लागतो. नट बोटांनीच शेवटपर्यंत फिरतोय का बघा. फिरत असेल तर त्याचं नायलॉन संपलंय, फेकून द्या. त्यावर लॉकटाइट लावून जीव वाचवू नका, नवे नट स्वस्त मिळतात. मुंबईत असाल तर नागदेवी स्ट्रीटवर मूठभर घेऊन ठेवा. आवळल्यावर एक्सलचे आटे नायलॉनच्या पलीकडे निदान एक-दोन तरी दिसले पाहिजेत. सेकंडहँड ट्रकवर नेमकी इथेच गोम असते: आधीच्या मालकाने दुसऱ्या बनावटीची चाकं घातलेली असतात, त्यांचा मधला भाग जाड असतो, आणि एक्सलचं टोक नायलॉनपर्यंत पोचतच नाही. मग नट नवा असो की जुना, चाक जाणारच. तुमच्या ट्रकवर मला पहिला संशय याचाच आहे. चाक काढलंच आहे तर आतला १२ मिलिमीटरचा हेक्स (चाक फिरवणारा षटकोनी तुकडा) आणि त्याची आडवी पिनही तपासा. चाकाच्या मागचा षटकोनी खळगा गोल झाला असेल तर ते चाक बदलावं लागेल.

सस्पेन्शनच्या पिनवरचे नट याला अपवाद आहेत. ते गच्च आवळायचेच नसतात. शॉक सोडवून आर्म वर उचलून सोडला तर तो स्वतःच्या वजनाने खाली पडला पाहिजे. अडकला तर नट अर्धा फेरा ढिला करा.

इतकं करूनही एखादाच स्क्रू पुन्हा पुन्हा सुटत असेल तर त्या स्क्रूच्या मागे लागू नका. तिथे दुसरं काहीतरी हलतंय. वाकलेली हिंज पिन (सस्पेन्शनची पिन), झिजलेलं बेअरिंग, तडा गेलेला बल्कहेड (सस्पेन्शन धरणारा भाग), मोटरची वाकडी झालेली पट्टी, यांपैकी काहीतरी सापडेल. तुमची मोटर सफाईनंतरही सुटली तर पट्टी काढून काचेवर ठेवून बघा, कडेला उजेड दिसला तर ती सपाट नाही.

तपासणी सोपी करायची तर आवळलेल्या स्क्रूच्या डोक्यावरून शेजारच्या भागापर्यंत पांढऱ्या नेलपेंटची बारीक रेघ ओढा. रेघ तुटलेली दिसली की स्क्रू फिरलाय. दर वेळी ॲलन की लावून बघायची गरज नाही, आणि तसं बघताना आपणच लॉकटाइट तोडतो तेही टळतं. नवीन प्लास्टिकचा भाग बसवला असेल तर पहिली बॅटरी संपल्यावर एकदा हात फिरवा, कारण दाबाखाली प्लास्टिक थोडं बसतं.

अवजारं चांगली घ्या, यात पैसे वाचवू नका. एम३ च्या उंच गोल डोक्याला २.५ मिलिमीटर लागतो, चपट्या बटन डोक्याला आणि काउंटरसंकला २ मिलिमीटर, एम३ ग्रब स्क्रूला १.५. गोल टोकाची बॉल-एंड की शेवटचा जोर लावायला वापरू नका, खाच गोल होते. जुना टामिया घेतलात तर त्याचे चार पाकळ्यांचे स्क्रू जपानी जेआयएस मापाचे असतात, नेहमीचा फिलिप्स त्यात घसरतो. पावसाळ्यात चिखलातून आणल्यावर स्क्रूच्या खाचेतलं पाणी फुंकून काढा आणि थोडं मशीन ऑइल फिरवा, पण फक्त डोक्यावर.

मोटरचा एखादा स्क्रू निघायलाच तयार नसेल तर आधीच्या मालकाने लाल, म्हणजे निळ्यापेक्षा जास्त घट्ट धरणारं लॉकटाइट लावलेलं असण्याची शक्यता धरा. ताकद लावत बसलात तर एम३ ची खाच जाईल. लाल सुटायला साधारण २५० अंश सेल्सिअसची उष्णता लागते. सोल्डरिंग आयर्नचं टोक स्क्रूच्या डोक्यावर मिनिट-दोन मिनिटं टेकवा, आजूबाजूच्या प्लास्टिकपासून लांब राहा, आणि स्क्रू गरम असतानाच नीट बसणारी की सरळ घालून सावकाश उलटी फिरवा. सुरुवातीला कर्रकर्र आवाज करत तो सुटेल. तोच स्क्रू परत वापरू नका.