साठ हजारांच्या कागदावर सही करण्यापूर्वी

ताई, आपल्या पत्रातील हकिकत थोडक्यात अशी आहे. आपले यजमान सुतारकाम करतात, वय 38. पाच महिन्यांपूर्वी पनवेलजवळ त्यांच्या दुचाकीला मागून येणाऱ्या मोटारीने धडक दिली, उजवे मनगट मोडले, शस्त्रक्रियेत धातूची पट्टी बसवावी लागली आणि शासकीय रुग्णालयाने त्या हाताला 30 टक्के कायमचे अपंगत्व असल्याचा दाखला दिला. आता मोटारमालक 60,000 रुपये रोख देऊन ‘आमची काही तक्रार राहिलेली नाही’ असा मुद्रांकावरचा कागद पुढे करत आहेत. त्यावर सही करावी का, असे आपण विचारता. करू नये, आणि रक्कमही घेऊ नये.

प्रथम मुदतीविषयी. मोटार वाहन कायद्याच्या कलम 166 खालील भरपाईचा दावा अपघातापासून सहा महिन्यांत दाखल करावा, अशी तरतूद 1 एप्रिल 2022 पासून लागू आहे. या मुदतीच्या वैधतेचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे गेलेला असला, तरी त्या भरवशावर एक दिवसही घालवू नका. त्यासाठी पनवेलला खेटे घालण्याचीही गरज नाही; आपण राहता त्या सातारा जिल्ह्यातील मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. चालक, मालक आणि विमा कंपनी या तिघांनाही त्यात पक्षकार करावे.

आता मुख्य मुद्दा. दाखल्यावरचे 30 टक्के हे हाताचे आहेत, कमाईचे नव्हेत. राजकुमार विरुद्ध अजयकुमार या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे की, अपंगत्वाचा जखमी माणसाच्या प्रत्यक्ष कामावर काय परिणाम झाला, हे न्यायाधिकरणाने तपासले पाहिजे. आपण लिहिले आहे की, त्यांना रंधा दाबून धरता येत नाही आणि पटाशीवर ठोका मारताना हातोडी बोटांतून निसटते. हीच दोन वाक्ये साक्षीत यायला हवीत. लेखनिकाचे मनगट आणि सुताराचे मनगट यांचे नुकसान सारखे नसते.

आकडा कसा निघतो ते पाहा. दरमहा 20,000 रुपये उत्पन्न सिद्ध झाले, तर वर्षाचे 2,40,000 होतात. स्वयंरोजगार करणारा चाळिशीच्या आतला असेल, तर भावी वाढीपोटी 40 टक्के धरतात, म्हणजे 3,36,000. कमाईची क्षमता निम्म्याने घटली असे न्यायाधिकरणाला पटले, तर वार्षिक तोटा 1,68,000 आणि या वयाचा गुणक, म्हणजे वार्षिक तोट्याला ज्याने गुणतात तो ठरलेला आकडा, 15 असल्याने 25,20,000 रुपये. केवळ 30 टक्के धरले तरी ही रक्कम 15,12,000 होते. उपचारांचा खर्च, वेदना, बुडालेली मजुरी आणि पुढील शस्त्रक्रिया यांची भरपाई त्याशिवाय. मेडिक्लेममधून मिळालेले पैसे या भरपाईतून वजा करायचे नाहीत, असा मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठाचा मार्च 2025 चा निर्णय आहे.

वेतनपत्रक नाही म्हणून खचू नका. लाकडाच्या वखारीची बिले, बँकेचे पासबुक, मोबाइलवर आलेल्या रकमा आणि ज्यांच्या घरी त्यांनी काम केले अशा दोघा-तिघांची साक्ष यांवर उत्पन्न सिद्ध करता येते. हेल्मेट नव्हते म्हणून दावाच टिकणार नाही, हे मालकाचे म्हणणे खरे नाही. मनगटाच्या इजेशी हेल्मेटचा संबंध तरी कोणता?

विमा कंपनीकडून कलम 164 खाली 2,50,000 रुपयांच्या तडजोडीचा प्रस्ताव येऊ शकतो. त्यात चूक कोणाची हे सिद्ध करावे लागत नाही, मात्र ती रक्कम विहित पद्धतीने स्वीकारल्यास न्यायाधिकरणापुढील दावा संपुष्टात येतो. आपल्या प्रकरणात तो सौदा तोट्याचा ठरेल.

या आठवड्यात एवढे करा: पोलीस ठाण्यातून प्रथम खबरी अहवाल आणि पंचनाम्याच्या प्रती घ्या, रुग्णालयाचे डिस्चार्ज कार्ड व मूळ बिले एकत्र ठेवा आणि दाखला देणारे डॉक्टर साक्षीला येतील का, हे आताच विचारून घ्या. डॉक्टरांच्या साक्षीविना दाखल्याचे वजन फार कमी होते, हे मी अनेक दाव्यांत पाहिले आहे.