गोचीड दिसतात सारखे, पण…

प्रश्न: दोन ठिकाणचे गोचीड हुबेहूब सारखे दिसत असले, तर त्यांतला फरक कळतो कसा?

पूर्वी गोचीड चिरडून त्यांतली विकरे, म्हणजे शरीरातल्या रासायनिक क्रिया घडवणारी प्रथिने, जेलीसारख्या थरावर विजेच्या प्रवाहात सरकवत. एकच विकर दोन नमुन्यांत वेगवेगळ्या जागी थांबले, की जनुकात फरक आहे असे समजायचे. मात्र प्रथिन बदलूनही त्याचा विद्युतभार तोच राहिला, तर फरक निसटतो. शिवाय टम्म फुगलेल्या मादीत निम्मा गोंधळ जनावराच्या रक्ताचा! आता थेट डीएनए वाचतात. त्याला गोचिडाचा एखादा पाय पुरतो, पायात जनावराचे रक्त जवळपास नसतेच.

प्रश्न: गोचिडावरची लस एका देशात चालते, दुसरीकडे फसते. गोचीड लसीला सरावले का?

सरावायला आधी लस भेटावी लागते. ऑस्ट्रेलियातल्या गोचिडाच्या आतड्यातले बीएम८६ हे प्रथिन घेऊन तयार झालेली लस १९९४ मध्ये तिथे बाजारात आली. लस टोचलेल्या जनावराच्या रक्तात तयार झालेली प्रतिपिंडे (अँटिबॉडीज) गोचिडाच्या पोटात जातात आणि त्याचे आतडेच निकामी करतात. अर्जेंटिनातल्या एका वाणावर मात्र ती चालेना. त्या वाणाने लस कधी पाहिलीही नव्हती. त्याचे प्रथिनच मुळात थोडे वेगळे होते. क्यूबातल्या शास्त्रज्ञांनी मग त्याच वाणातून बीएम९५ हे प्रथिन वेगळे काढले, आणि त्याची लस दोन्ही प्रकारच्या गोचिडांवर लागू पडली. गंमत म्हणजे बीएम८६ चा सर्वांत जोरदार परिणाम दिसतो तो ऱ्हिपिसेफॅलस ॲन्युलॅटस या भाऊबंदावर, म्हणजे वेगळ्याच जातीवर! तेव्हा जातीचे नाव पाहून लसीचा अंदाज बांधू नये. स्थानिक गोचिडांवर चाचणी घ्यावी, एवढेच मी सांगेन.

प्रश्न: इतका फरक असेल तर जात वेगळी का धरत नाहीत?

कधी धरतात. ऑस्ट्रेलियातल्या गोचिडांचा इतर खंडांतल्यांशी संकर केला, तर पिल्ले वांझ निघाली; २०१२ मध्ये त्यांना ऱ्हिपिसेफॅलस ऑस्ट्रॅलिस हे जुने नाव परत मिळाले. उलटही घडते. अमेरिकेच्या ईशान्य भागातल्या गोचिडाला १९७९ मध्ये दिलेले इक्सोडिस डॅमिनी हे वेगळे नाव १९९३ मध्ये मोडीत निघाले.

प्रश्न: तपासणीसाठी एका गाईवरचे वीस गोचीड पाठवले तर चालतील?

नको. एक मादी एकाच जागी दोन-तीन हजार अंडी घालते, आणि त्यांतली पिल्ले घोळक्यानेच जनावरावर चढतात. तुमच्या विसांतले बरेचसे सख्खे भाऊ-बहीण निघतील. वीस गाईंवरचा एकेक पाठवा.