ताई, क्लास बंद करू का?

प्रश्न : ताई, माझा मुलगा २४ वर्षांचा आहे, डाऊन सिंड्रोम आहे. गणपतीनंतर त्याला ड्रॉइंग क्लासला घातलं. जातो आनंदाने, पण करतो काय, तर एकच निळा खडू घेऊन कागदाचा एकच कोपरा घासत बसतो. बाकीच्या मुलांची एलिमेंटरीची तयारी चालू असते. मिस्टर म्हणतात पैसे पाण्यात चाललेत. आता सर पण म्हणाले की याला वेगळ्या वेळी एकट्याला आणा, बाकीच्यांचं लक्ष विचलित होतं. बंद करू का?
– एक आई, डोंबिवली

उत्तर : नका करू, आत्ता तरी नका. अमेरिकेत ज्युडिथ स्कॉट नावाची बाई होती, तिलाही डाऊन सिंड्रोम, शिवाय ऐकू यायचं नाही, आणि ऐकू येत नाही हेच कितीतरी वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही, त्यामुळे हिला काही कळतच नाही असं ठरवून सातव्या वर्षी संस्थेत ठेवली ती पस्तीस एक वर्षं तिथेच. मग तिच्या जुळ्या बहिणीने तिला स्वतःकडे आणलं आणि १९८७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओकलंडच्या क्रिएटिव्ह ग्रोथ या स्टुडिओत घातलं. १९७४ पासून ही जागा अपंग कलाकारांसाठीच चालते. तर तिथे जवळजवळ दोन वर्षं तिने कशातच रस घेतला नाही, थोडं गिरगटायची आणि बस्स. मग कधीतरी सूत-धाग्याचा वर्ग लागला आणि ही हाताला येईल त्या वस्तूला लोकर गुंडाळायला लागली, ती २००५ मध्ये जाईपर्यंत थांबलीच नाही. आज तिची ती गाठोडी मोठमोठ्या म्युझियममध्ये आहेत.

तुमचा मुलगा असा कुणी होणार असं मी अजिबात म्हणत नाहीये, मिस्टरांना तर सांगूच नका, नाहीतर ते म्युझियमची वाट बघत बसतील. माझं बोलणं त्या दोन वर्षांबद्दल आहे. काही करत नाही म्हणून तिला कुणी घरी पाठवलं नाही, आणि कागद-रंगात मन लागेना तेव्हा समोर दुसरं सामान आलं. तुमच्या मुलासमोर खडू सोडून आजवर काय काय ठेवलंय ते सरांना विचारा. शाडू, कापडाच्या चिंध्या, रद्दी आणि डिंक, स्पंज, भिंतीला लावायचा जाड ब्रश, काहीही चालेल. आणि एकदा शेजारी बसून नुसतं बघा, कदाचित त्याला चित्र काढायचंच नसेल, खडूची ती खरखर आवडत असेल. मग तिथूनच सुरुवात करायची. एलिमेंटरीची फूटपट्टी त्याला लावायचं मात्र आजच बंद करा.

वेगळ्या वेळेला मात्र साफ नाही म्हणा! एकट्याला बसवलं की उरते नुसती शिकवणी, आणि तो बहुतेक त्या पोरांसाठीच एवढा आनंदाने जातोय. लक्ष विचलित होणं चार दिवसांचं असतं, सरांनी पोरांना नीट सांगितलं तर तेवढंही राहत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात कलम २९ आहे, त्यात स्पष्ट म्हटलंय की कला विषयांचे अभ्यासक्रमच असे बदला की दिव्यांगांना त्यात भाग घेता येईल. म्हणजे बदलायचं ते क्लासने. हे बंधन सरकारवर आणि पालिकेवर आहे, तेव्हा सरांवर कायदा उगारू नका, ते काम पालिकेच्या कलावर्गांसाठी ठेवा, तिथे अर्ज करताना हे कलम जरूर लिहा.

प्रश्न : बहिणीला स्किझोफ्रेनिया आहे, गोळ्या चालू आहेत. पूर्वी छान गायची, आता एका ग्रुपमध्ये परत गायला लागलीये आणि खूप फरक पडलाय. १० ऑक्टोबरच्या मानसिक आरोग्य दिनाला तिने स्टेजवर गावं आणि स्वतःची कहाणी सांगावी असं ग्रुपवाले म्हणतायत. करू द्यावं का? आणि गाण्याने एवढं बरं वाटतंय तर गोळ्या कमी करता येतील का?
– एक भाऊ, सांगली

उत्तर : गोळ्यांना हात लावू नका, जे काय कमीजास्त करायचं ते तिचे डॉक्टर करतील. गाण्याने माणूस सकाळी उठतो, आवरतो, चार लोकांत जातो, हे काही थोडं नाही, पण ते औषधाच्या जोडीला, त्याऐवजी नाही. गोळ्यांनी तोंड कोरडं पडत असेल किंवा सकाळी सुस्ती येत असेल तर डॉक्टरांना सांगा की ही गाते, त्याप्रमाणे वेळ किंवा गोळी बदलता येते का ते ते बघतील.

स्टेजचं म्हणाल तर तिला विचारलंत का? पत्रात तिचं मत कुठेच नाहीये. तिला गायचं असेल तर खुशाल गाऊ दे. कहाणी ही वेगळी गोष्ट आहे. हार्मोनियमवाल्याला कुणी बीपीची कहाणी सांगायला लावत नाही, मग हिलाच का? एकदा व्हिडिओ फिरला की तो लग्नाच्या बोलणीपासून नोकरीपर्यंत सगळीकडे पोचतो. तिने स्वतःहून सांगायचं ठरवलं तर प्रश्नच नाही, पण ग्रुपने मागितलं म्हणून नको. आणि तुम्हाला सोबत हवी असेल तर पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन आहे, ठाण्यात आयपीएच ही मानसिक आरोग्यावर काम करणारी संस्था आहे, दोघांकडे कुटुंबांसाठीही काम चालतं. रात्री-अपरात्री काही झालं तर टेलिमानस ही सरकारची मानसिक आरोग्याची फोन हेल्पलाइन आहे, नंबर १४४१६, फुकट आहे, मराठीतही बोलतात.

प्रश्न : वडिलांना पार्किन्सन्स आहे, कुणीतरी डान्स क्लास सुचवलाय. आयुष्यात वरातीत पण नाचले नाहीत. उगाच हसं नको व्हायला.
– एक मुलगी, पुणे

उत्तर : तुमच्या पुण्यातच नर्तक हृषीकेश पवारांनी पार्किन्सन्सवाल्यांना नाच शिकवलाय. मुळात ही कल्पना ब्रुकलिनच्या मार्क मॉरिस डान्स ग्रुपने २००१ मध्ये सुरू केली. या आजारात आपलं आपण पाऊल उचलणं अडतं, दारात माणूस खिळल्यासारखा उभा राहतो, पण बाहेरून ठेका मिळाला की कितीतरी जणांचं तेच पाऊल सुटतं. आजार जात नाही हं त्याने. सुरुवात बहुतेक खुर्चीत बसूनच असते, आणि सगळेच थरथरणारे, हसणार कोण कुणाला! पार्किन्सन्स मित्रमंडळात चौकशी करा, न्यूरॉलॉजिस्टला विचारून घ्या, आणि गोळीचा असर असतो त्या वेळेचीच बॅच घ्या. पहिल्या दिवशी तुम्हीपण चपला काढून आत जा, बाहेर मोबाईल बघत बसू नका.