कुठले गप्पी, तेही लिही

प्रिय मुली,

प्रबंधाचा आराखडा वाचला. पाच तळी, प्रत्येकात माशांच्या जाती किती आणि संख्या किती, एवढं मोजायचं तू ठरवलं आहेस. जातीचं नाव लिहून थांबू नकोस, एवढंच माझं सांगणं आहे.

त्रिनिदादच्या नॉर्दर्न रेंज या डोंगररांगेतले गप्पी बघ. ओढ्याच्या खालच्या भागात पाइक सिक्लिडसारखे शिकारी मासे असतात. त्यांना धबधबा चढता येत नाही, म्हणून वर गप्पींच्या सोबतीला बहुधा फक्त किलीफिश हे छोटे मासे. खालचे गप्पी लवकर, लहान असतानाच वयात येतात, पुष्कळ आणि बारीक पिल्लं देतात. वरचे सावकाश वाढतात. पिल्लं थोडी, पण मोठी. १९७६ मध्ये जीवशास्त्रज्ञ जॉन एंडलर यांनी खालचे गप्पी वरच्या, गप्पी नसलेल्या ओढ्यात सोडले. ११ वर्षांनी डेव्हिड रेझनिक यांच्यासोबत तपासलं, तर त्यांचे वंशज वरच्यांच्या वळणावर गेले होते, आणि तो फरक आनुवंशिक होता.

इथवर पाठ्यपुस्तकात येतं. तुझ्या कामाचं पुढचं आहे. २०१० मध्ये रोनाल्ड बॅसर आणि सहकाऱ्यांनी कृत्रिम ओढे करून काहींत वरचे, काहींत खालचे गप्पी ठेवले. खालच्यांनी किडे-अळ्या जास्त खाल्ल्या, वरच्यांनी शेवाळ. चार आठवड्यांत शेवाळाचा थर, अळ्यांची संख्या, पाला कुजण्याचा वेग, सगळ्यांत फरक पडला. माशांची संख्या सारखी असूनही! तुझ्या तक्त्यात या दोन्ही ओढ्यांसमोर एकच नोंद आली असती.

आपल्याकडे डासांच्या अळ्या खाव्यात म्हणून टाक्यांत, विहिरींत, डबक्यांत गप्पी सोडतात. ते कुठल्या पैदाशीचे आहेत आणि अळ्या सोडून आणखी काय खातात, हे विचारल्याशिवाय ते सोडू नयेत, असं माझं ठाम मत आहे.

तर प्रत्येक माशाची लांबी, वजन, तोंडाचा आकार नोंदव. काहींच्या पोटात काय निघतं ते बघ. शेवाळाचा आणि अळ्यांचा नमुना त्याच दिवशी, त्याच तळ्यातून घे. सरासरी नंतर काढता येते. कच्चे आकडे मात्र जपून ठेव, कारण फरक त्यांच्यातच दिसतो. हे सगळं पाच तळ्यांत झेपणार नाही. दोनच घे.

जाळ्याचा आस, म्हणजे भोकांचा आकार, किती घेणार ते आराखड्यात दिसलं नाही. मोठ्या आसातून लहान मासे निसटतील आणि तळ्यात लहान मासेच नाहीत असं तुला वाटेल. तेवढं ठरवून कळव.

तुझे,
सर